हेल्पर, चार नग

"टॉर्च कुठंय?"

दार उघडल्यावर साहेबांचा पहिला शब्द हा.

मी दाराच्या आत गुडघ्यावर बसले होते. अंगावरचा पांढरा सूट घामानं चिकटलेला. दोन्ही मुठी सोललेल्या. ओरडून ओरडून घसा बसला होता, तोंडातून आवाज फुटत नव्हता. उजेड एकदम डोळ्यांत गेला म्हणून मी हात आडवा धरला. त्याच हातात टॉर्च होती. साहेबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. उलटी करून तिच्यावरचा नंबर बघितला. सात. बटण दाबून लागते का, तेही बघितलं. मग मागं वळून वहीवाल्याला म्हणाले, "सापडली. टिक कर."

वहीवाल्यानं टिक केली.

त्यानंतर साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "आणि ही कोण? चारच होत्या ना आत?"

मग मुकादम म्हणाला, "आपलीच हाय साहेब. हेल्पर."

"मग ओरडायचं नाही का हिनं?"

एवढं बोलून साहेब खिशातला फोन काढत निघून गेले. मला उठवायला कोणी हात दिला नाही. मी माझी उठले.

ही गोष्ट सांगू नको असं मला खूप जणांनी सांगितलंय. म्हणून सांगते. माझं नाव इथं लिहीत नाही, साहेबांचंही लिहीत नाही. केस चालू आहे, वकीलबाईंनी नको म्हणलंय. बाकी सगळं लिहिते, माझ्या चुकीसकट.

सुप्याच्या पुढं माळावर आमचं वीज केंद्र आहे. आमचं म्हणजे कंपनीचं, आम्ही नुसतं म्हणायचं. गॅसवर चालतं. गॅस जमिनीखालच्या नळातून येतो. कोळसा नाही, राख नाही, धूर डोळ्याला दिसत नाही. लांबून बघाल तर मोठा दवाखाना वाटेल. गेटवर ही मोठी पाटी, 'स्वच्छ वीज'. कॉलेजची पोरं बघायला येतात, पाहुणे येतात, फोटो काढतात. इथली वीज पुण्याला जाते. तारा आमच्या वस्तीवरून जातात. वस्तीवर लाईट असतेच असं नाही.

मी आयटीआय केलेलं आहे. फिटर. पूर्ण वर्गात पोरगी मी एकटी. पोरं हसायची, "पाना उचलंल का गं?" म्हणायची. उचलला. पास झाले, चांगल्या मार्कांनी. कंपनीनं जागा भरायला काढल्या तेव्हा सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गेले.

ऑफिसातल्या माणसानं आडनाव विचारलं. सांगितलं. आडनावावरून त्याला काही कळेना. आमच्याकडं ख्रिस्ती लोकांची आडनावं गावासारखीच असतात. मग विचारलं, "गाव कोणतं?" सांगितलं. "गावात कुठं राहता?"

"चर्चजवळ."

"अच्छा, अच्छा," म्हणाला. सर्टिफिकेट पिशवीतून काढलंसुद्धा नाही त्यानं. "फिटरची जागा निघाली की घेऊ. तोवर हाऊसकीपिंगला जॉईन व्हा."

माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो माणूस म्हणून जगावं म्हणून. धर्म बदलला, वस्ती बदलली नाही. गावाला आम्ही चर्चवाले. सरकारी कागदाला आम्ही सवलतीत बसत नाही. पण झाडू कोणाच्या हातात द्यायचा अशी वेळ आली की सगळ्यांना बरोबर आठवतं, आम्ही मूळचे कोण. तेव्हा कोणाला कागद लागत नाही.

तोवर म्हणाला होता. त्या तोवरला तीन वर्षं झाली.

आता काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मशीन म्हणजे टर्बाईन. ते हवा ओढतं, एवढी हवा की माणूस पालापाचोळ्यागत आत जाईल. हवेच्या वाटेवर आधी फिल्टर. फिल्टरच्या पलीकडं लोखंडी बोगदा, थेट मशीनच्या तोंडापर्यंत. बोगद्यात आवाज दाबायला उभ्या पाट्या बसवलेल्या, त्यांच्या मधून आडवं होऊन जावं लागतं. हा बोगदा आतून लख्ख पाहिजे. एक नट आत राहिला तर मशीन तो ओढून घेतं आणि आतली पाती फुटतात. म्हणून फिल्टर बदलले की बोगदा पुसायला आम्हाला आत सोडतात. बायकाच. "बायका बारीक असतात," मुकादम म्हणतो. साहेब एकदा पाहुण्यांना म्हणाले होते, मी शेजारीच फरशी पुसत होते, "ह्या लोकांना सवय असते अशा कामाची." पाहुण्यांनी मान हलवली. कसली सवय ते कोणी विचारलं नाही.

आत जाताना अंगावरचा लोखंडाचा, सोन्याचा, काचेचा तुकडा न तुकडा काढायचा. बांगड्या, कानातलं, जोडवी, पिना, घड्याळ. मंगळसूत्रसुद्धा. कांताबाईनं पहिल्यांदा मंगळसूत्र काढलं तेव्हा तबकात ठेवायच्या आधी ते दोनदा कपाळाला लावलं. कांताबाई आमच्यातली सगळ्यात मोठी, पाथर्डीकडची, उसाला जाऊन जाऊन हाडं झिजलेली. "नवरा जित्ता हाय अन् गळा मोकळा," ती म्हणाली. दारावरचा माणूस म्हणाला, "आत्या, पडलं तर मशीन जाईल." मशीन जाईल. बरं.

आणि एक वही असते. आत जाणारी प्रत्येक वस्तू त्या वहीत चढते. पाना नंबर अमुक, आत गेला, वेळ, सही. बाहेर आला, वेळ, टिक. टॉर्चला नंबर. फडक्याला नंबर, पुसायच्या फडक्याला! एक वस्तू जरी टिक व्हायची राहिली तरी मशीन चालू होत नाही, मग पुणं अंधारात बसलं तरी चालेल. वही कंट्रोल रूमला गेल्याशिवाय कोणी बटणाला हात लावत नाही.

आणि माणसं? माणसांचा परवाना वेगळा. त्यात साहेबांची नावं असतात, इलेक्ट्रिशियनचं असतं. आमच्या रकान्यात काय असतं सांगू? 'हेल्पर, ४ नग.'

नग. फडक्याला नंबर, आम्ही नग.

आणखी एक. परवान्याच्या खोलीत भिंतीला लाल पेटी आहे. मशीन फिरवणाऱ्या मोटरची चावी, गॅसच्या व्हॉल्वची चावी, सगळ्या चाव्या बंद करून त्या पेटीत ठेवतात. पेटीच्या कडीला भोकं असतात. जो माणूस आत जाणार तो आपलं स्वतःचं कुलूप त्या कडीला लावतो आणि चावी आपल्या खिशात घालतो. तो बाहेर येऊन कुलूप काढत नाही तोवर पेटी उघडत नाही, मशीन फिरत नाही. आयटीआयला आमच्या सरांनी हे फळ्यावर लिहून शिकवलं होतं. पेटीच्या वरच कंपनीची पाटी लावलेली, 'तुमचा जीव, तुमचं कुलूप'. तीन वर्षं ती पाटी मी ओल्या फडक्यानं पुसत होते. आम्हाला कुलूप कोणी दिलं नव्हतं. मी एकदा मुकादमाला विचारलं तर हसला. "तुला कशाला गं कुलूप? काय तिजोरी हाय का तुझी?"

त्या दिवशी आत चौघी होत्या. कांताबाई, मंगल आणि आणखी दोघी. मी बाहेर जिना झाडत होते. पुसून झालं, साहेब स्वतः आत डोकावून आले, बाहेर येऊन त्यांनी आपलं कुलूप काढलं. जाता जाता म्हणाले, शेवटच्या पाटीमागं कापसासारखं काहीतरी दिसतंय. मुकादमानं इकडंतिकडं बघितलं. मी दिसले.

"ए, तू बारीक हायस. पळ, पुसून ये. दोन मिनटाचं काम."

मी बांगड्या काढल्या, कानातलं काढलं, सूट चढवला. वहीवाल्यानं टॉर्च दिली, वहीत लिहिली, टॉर्च सात. माझं कुठं लिहिलं नाही. मीही विचारलं नाही. मी आत शिरले तेव्हा चौघी दाराकडं येत होत्या. कांताबाईच्या खांद्याला खांदा लागला माझा. "लवकर ये," म्हणाली.

मी पाट्यांच्या मागं गेले. दारावरच्या माणसानं बाहेर येणाऱ्या मोजल्या. एक, दोन, तीन, चार. परवान्यावर चार. हिशेब जुळला. मुकादमाला फोन आला होता, तो बाजूला गेला होता. वहीवाला वही घेऊन कंट्रोल रूमकडं निघाला होता. दार लागलं.

बोल्ट आवळायचं मशीन घर्रकन वाजलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. मी ओरडले. "ओ! थांबा! मी आहे आत!" पाट्यांमधून अंग ओढत, खरचटत दाराशी आले. दुसरा बोल्ट. तिसरा. मी दारावर मुठी मारायला लागले. जाड लोखंड ते, मूठ मारली तर नुसतं थप्प वाजतं. वर आवाज दाबायलाच बांधलेला बोगदा, माझा आवाज काय बाहेर जाणार!

आणि इथं माझी चूक ऐका. ही चूक मी आजवर स्वतःला माफ केलेली नाही. माझ्या हातात टॉर्च होती. टॉर्चनं दार ठोकलं असतं तर टणाटण वाजलं असतं. मी ठोकलं नाही. का? टॉर्चची काच फुटली असती, तुकडे आत पडले असते, मशीनला धोका. मरायला टेकले होते आणि डोक्यात काय, तर मशीनची पाती! उजव्या हातात टॉर्च धरून मी डाव्या मुठीनं दार बडवत होते. डावी मूठ सोलली तेव्हा टॉर्च डाव्या हातात घेतली आणि उजवीनं बडवायला लागले. एवढं त्यांनी आम्हाला शिकवलं होतं. एवढं आम्ही शिकलो होतो.

मग भोंगा झाला. पहिला भोंगा म्हणजे सगळ्यांनी लांब व्हा. दुसऱ्या भोंग्याला मशीन फिरतं. पहिला भोंगा ऐकला. मी दाराला कान लावून गुडघ्यावर बसले. लोक म्हणतात अशा वेळी देव आठवतो. मला नाही आठवला. सकाळी घाईत पोरीची एकच वेणी घातली होती आणि दुसरी तिच्या आजीवर सोपवली होती, ते आठवलं. किती वेळ गेला माहीत नाही. घड्याळ बाहेर तबकात होतं.

दुसरा भोंगा झाला नाही. वही कंट्रोल रूमला गेली आणि तिथं कोणीतरी बघितलं, टॉर्च सातपुढं टिक नाही. टॉर्च आत राहिली. मशीन चालू करू नका, दार उघडा, टॉर्च शोधा.

दार माझ्यासाठी उघडलं नव्हतं. हे नीट ध्यानात ठेवा, कारण मी विसरणार नाही. माझ्या हातात टॉर्च नसती, नुसतं मुकाट अंग असतं, तर वही जुळली असती.

तासाभरानं साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर एकच खुर्ची, तिच्यावर त्यांचं हेल्मेट ठेवलेलं. ते उचललं नाही. मी उभी. साहेब माझ्याशी बोललेच नाहीत. मुकादमाला म्हणाले, "हिला समजावून सांग. रिपोर्ट वर गेला तर कॉन्ट्रॅक्टच जाईल तुमचं. सगळ्याच घरी बसतील."

कागद तयारच होता. 'मी परवानगी न घेता आत गेले. चूक माझी आहे.'

"सही कर आन् मोकळी हो," मुकादम म्हणाला. त्यानंच मला पळ म्हणून आत पाठवलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा. मी त्याच्याकडं बघितलं, तो कॅलेंडरकडं बघत होता.

मी सही केली.

हो, केली. सोललेल्या मुठीनं पेन धरवत नव्हता तरी केली. बाहेर आले आणि नळाखाली हात धरला, तेव्हा माझी मलाच शिसारी आली. कांताबाई शेजारी येऊन उभी राहिली. "मला वाटलं तू मागनंच आलीस गं," म्हणाली आणि रडायला लागली. मला रडू आलं नाही. मला तिचाही राग आला, मुकादमाचाही, आणि सगळ्यात जास्त माझा.

घरी आईला सांगितलं. नवरा पुण्यात टेम्पो चालवतो, आठवड्यानं येतो. घरात मी, आई आणि पोरगी. आई माझ्या मुठींना हळद लावत होती.

"जित्ती आलीस ना? मग देवाचं उपकार मान आन् गप ऱ्हा. हात दाखवून अवलक्षन करून घिऊ नगं."

"आई, माझं नाव पण लिहिलं नव्हतं गं त्यांनी."

आईचा हात थांबला. माझी आई वीस वर्षं उसाला गेलेली. ती हसली, पण ते हसू नव्हतं. "नाव? आमची तरी नावं कवा हुती? फडावर मुकादम काय म्हनायचा? धा कोयते आले, पंधरा कोयते आले. एक कोयता म्हंजी नवरा-बायकू मिळून. मी आन् तुझा बाप मिळून एक कोयता. तुझा बाप आजारी पडला तवा मुकादम म्हनला, तुझा कोयता मोडला. मानूस आजारी हाय म्हनला न्हाई. कोयता मोडला."

एवढं बोलून ती पुन्हा हळद लावायला लागली. तिच्यासाठी ते संपलं होतं.

माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. आई कोयता. तोही पुरता नाही, अर्धा. मी नग. मी शिकले, सर्टिफिकेट घेतलं, उसाच्या फडातून निघून गॅसच्या मशीनपर्यंत आले आणि आले कुठं, तर तिथंच. आणि पोरगी? तिला काय म्हणतील? त्या दिवशी मी ठरवलं. काय करायचं ते ठरलं नव्हतं. पुन्हा असं आत जायचं नाही, एवढं ठरलं होतं.

तीन आठवड्यांनी वावटळी उठल्या. आमच्या माळावर वावटळ म्हणजे काय ते माळावर राहणाऱ्याला विचारा, ताटात भाकरीआधी माती येते. फिल्टर चोंदले. मुकादमाचा निरोप आला, उद्या अकराला मशीन बंद, बोगदा पुसायचा, संध्याकाळी पुण्याची मागणी वाढायच्या आत चालू करायचं.

सकाळी निघताना मी दाराचं कुलूप काढून पर्समध्ये टाकलं.

"ते कुठं घिऊन चाललीस?" आई ओरडली. "मी दळनाला जानार हाय. घर काय उघडं टाकू? हे काय शिंगनापूर हाय व्हय?"

"आजच्या दिवस शिंगणापूर समज," मी म्हणलं.

परवान्याच्या खोलीत गेले. परवाना फळ्यावर लावलेला होता. मुद्दाम वाचला. कंपनीनं सुधारणा केली होती. 'हेल्पर, ५ नग.'

चारचे पाच केले होते. बस्स. माझा जीव जाता जाता राहिला त्यातून कंपनी एवढंच शिकली.

मी लाल पेटीपाशी गेले. कडीला साहेबांचं कुलूप होतं, इलेक्ट्रिशियनचं होतं. बाकीची भोकं मोकळी होती. मी आमच्या दाराचं पितळी कुलूप त्यातल्या एकात अडकवलं आणि दाबलं. चावी ब्लाउजमध्ये टाकली. मग चौघींजवळ जाऊन सांगितलं, "नावं लिहिल्याशिवाय आत जायचं नाही."

मंगल म्हणाली, "येडी झालीस का?" कांताबाईनं गळ्यातलं मंगळसूत्र काढायला हात वर नेला होता, तो खाली घेतला.

पाच मिनिटांत मुकादम आला. दहा मिनिटांत साहेब.

"हे कुलूप कोणाचं?"

"माझं."

"तुला कोणी सांगितलं लावायला?"

मी पाटीकडं बोट केलं. साहेबांनी पाटी वाचली असेल नसेल. "काढ ते. नाटकं करू नकोस. चारपर्यंत काम झालं पाहिजे."

"काम करायला आलोय साहेब. नाही म्हणत नाही. परवान्यावर पाच जणींची नावं लिहा. प्रत्येकीला कुलूप द्या. लगेच आत जातो."

"तू मला नियम शिकवणार?"

"फिटर आहे मी. मला शिकवलेत."

मुकादम मधे पडला. "आगं, पाया पडतो, काढ. पोराबाळांची हायेस." मग साहेबांकडं वळून, "साहेब, डोकं फिरलंय तिचं, त्या दिवसापासनं." मला वेडी ठरवायला त्याला अर्धं मिनिट लागलं नाही.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "कटर आणा. तोडा ते."

इलेक्ट्रिशियन कटर घेऊन आला. आमच्याच तालुक्यातला, कायम नोकरीवरचा, वयस्कर माणूस. त्यानं कटर कुलपाला लावला आणि थांबला. खाली घेतला. "साहेब, फॉर्म लागतो."

"कसला फॉर्म?"

"कुणाचं बी कुलूप तोडायचं तर. कुलूपवाल्याचं नाव, का तोडलं, आन् तो मानूस सुखरूप हाय याची खात्री. मोठ्या साहेबांची सही. त्याबिगर मी तोडनार न्हाई. उद्या चौकशीला मला उभं करतील."

फॉर्म आला. साहेबांनी पेन काढला. पहिलीच ओळ, कुलूप लावणाऱ्याचं नाव. पेन तिथं थांबला. मी बघत होते. सगळे बघत होते. तीन वर्षं मी त्या माणसाची केबिन पुसत होते. त्याच्या हाताखाली मरता मरता वाचले होते. माझी सही असलेला कागद त्याच्या ड्रॉवरमध्ये होता. आणि त्याला माझं नाव माहीत नव्हतं.

"नाव काय तुझं?"

"तुमचं नाव काय, असं विचारा."

मुकादमाच्या तोंडातून 'आईऽ' एवढंच आलं. साहेब माझ्याकडं बघत राहिले, मी त्यांच्याकडं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते. तोडायचं तर मोठ्या साहेबांना सांगावं लागणार, सांगितलं की ते विचारणार ही बाई कोण, हिनं कुलूप का लावलं. मग त्या दिवसाची सगळी गोष्ट वर जाणार.

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

"तुमचं नाव काय?" साहेब म्हणाले. दातांवर दात ठेवून, पण म्हणाले.

मी सांगितलं. आडनावासकट, बापाच्या नावासकट. "फॉर्मवर नाही, परवान्यावर लिहा." मग कांताबाईनं आपलं सांगितलं, एवढ्या मोठ्यानं की बाहेरचे लोक डोकावले. मग मंगलनं, मग त्या दोघींनी. 'हेल्पर, ५ नग' यावर काट मारली आणि खाली पाच नावं लिहिली. स्टोअरमधून चार लाल कुलपं आली. माझं पितळी तसंच राहिलं. आम्ही आत गेलो, काम केलं, पाचही जणी बाहेर आलो, आपापल्या हातानं कुलपं काढली. त्या दिवशी मशीन चाळीस मिनिटं उशिरा सुरू झालं. पुण्यात कोणाला कळलंसुद्धा नसेल.

दुसऱ्या दिवशी गेटवर माझा पास लागला नाही. "वरनं आदेश हाय," सिक्युरिटीवाला म्हणाला. माझ्याकडं न बघता. कांताबाई माझ्यामागं उभी होती, तिचा पास लागत होता. तिनं तो गळ्यातून काढून पर्समध्ये टाकला आणि माझ्याबरोबर बाहेर बसली. मंगल आत गेली. तिला मी दोष देत नाही. खोटं कशाला बोलू, आठ दिवस दिला होता. तिची सासू आजारी आहे. आता नाही देत.

मी कारखाने निरीक्षकांकडं अर्ज केला. नगरला जाऊन, स्वतःच्या हातानं लिहून. त्यात हेही लिहिलं की त्या कागदावरची सही माझी आहे, मजकूर माझा नाही. तो भीती घालून घेतलेला आहे. अर्ज देताना तिथला कारकून म्हणाला, "बाई, एवढ्या मोठ्या कंपनीशी कशाला नादी लागता?" मी म्हणलं, "पोच द्या." मंगलनं निरोप पाठवला होता, परवान्यावर पुन्हा नग लिहायला लागलेत.

परवा मुकादम घरी आला. चर्चच्या पाळकसाहेबांना बरोबर घेऊन, म्हणजे मी दार लावणार नाही. पाळकसाहेब बिचारे मान खाली घालून बसले. मुकादम गोड बोलत होता. अर्ज मागं घे. पास सुरू करतो. कँटीनला घालतो, पंख्याखाली बसून काम. "तुला आयुष्यात परत त्या बोगद्यात जायला लागायचं न्हाई. माझी जबान हाय."

आई माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत हो होतं. मला दिसत होतं ते. पोरगी कोपऱ्यात अभ्यास करत होती, तिनं पेन्सिल थांबवली होती.

"माझ्या जागेवर बोगद्यात कोण जाणार?" मी विचारलं.

"ते आमी बघू. मिळत्यात की बाया."

मिळतात. ते खरंच बोलला. म्हणूनच मला हो म्हणता येईना. मी पंख्याखाली बसणार आणि दुसरी कुणाची तरी आई दाराआड मुठी बडवणार, आणि बाहेर कोणीतरी मोजणार, एक, दोन, तीन, चार.

मी उठले आणि दार पूर्ण उघडलं. "मुकादम, साहेबांना सांगा. मला कँटीन नको, फिटरची जागा पाहिजे. ती देत नसतील तर बोगदाच द्या, मी बोगद्यातच जाते. पण परवान्यावर नाव लिहिलेलं असेल तर. माझं आणि माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकीचं. कामाला मी कधी नाही म्हणले नाही. बिननावाचं मरायला नाही म्हणते, आणि ते शेवटपर्यंत म्हणणार."

"लई म्हागात पडंल हे," मुकादम उठत म्हणाला.

"पडू द्या."

सोमवारी निरीक्षकांपुढं सुनावणी आहे. कांताबाई येणार आहे, मंगल येते म्हणालीये, आली तर आली. आईनं सकाळी स्वतःहून माझी साडी इस्त्रीला दिली. मी जाणार. तिथं पहिल्यांदा नाव विचारतील. सांगणार. आणि त्या बोगद्यात आजवर जेवढ्या जणी गेल्या, त्यांची नावं मी घरोघर फिरून लिहून आणली आहेत. तीही एकेक करून वाचणार, मधेच कोणी बस म्हणलं तरी शेवटच्या नावापर्यंत.